शोकाला दिवस, सणाला दिवस

सोलापूरच्या वार्षिक व्यवहारात जानेवारीचा दुसरा आठवडा मोठा विलक्षण असतो. १९३० च्या मे महिन्यात, महात्माजींच्या अटकेनंतर, या शहरात जो प्रक्षोभ उसळला आणि सरकारने लष्करी अंमल बसवून जो चिरडला, त्याची अखेर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांच्या फाशीने झाली. त्या तारखेस शहर हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालते. आणि लगोलग, संक्रांतीच्या सुमारास, तेच शहर श्रीसिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतील उंच काठ्यांच्या, मागे लोटते. परक्याला यात विसंगती वाटेल; मला तीत मनाच्या आरोग्याचे मर्म दिसते.

समतोल म्हणजे सुखदुःखांच्या बरोबर मध्यावर निश्चल उभे राहणे, अशी आपली समजूत असते, आणि ते साधत नाही म्हणून आपण स्वतःला दुर्बल ठरवितो. मानसशास्त्राचा दाखला मात्र निराळा आहे. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार, ज्याचे जिवलग माणूस गेले तो काही काळ दुःखाला सामोरा जातो, आठवणी काढतो, रडतो. आणि काही काळ त्याच दुःखाकडे पाठ करून बँकेची कामे, मुलांच्या शाळा, चुलीवरचे दूध यांत गुंततो. आणि ही ये-जा हीच सावरण्याची रीत होय. सुखाच्या बाबतीतही मन एका टोकाला फार काळ टिकत नाही. फिलिप ब्रिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेत सोडतीची मोठी बक्षिसे मिळालेल्या २२ जणांचा आणि अपघातात पांगळ्या झालेल्या २९ जणांचा अभ्यास केला, तेव्हा भाग्यवंत इतरांहून फारसे सुखी आढळले नाहीत. आणि अपघातग्रस्त कमी सुखी असले, तरी आपण कल्पितो तितके खचलेले नव्हते.

हीच ये-जा गड्डा यात्रेने पिढ्यान्‌पिढ्या विधींत बांधून ठेविली आहे. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह. आणि तिसऱ्या दिवशी होम मैदानावर, बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून आणि सौभाग्यालंकार घालून उभी केलेली तीच नववधू अग्नीच्या स्वाधीन होते. सतीच्या रूढीचे समर्थन कोणीही विवेकी मनुष्य करणार नाही. परंतु त्यानंतर काय होते ते पाहण्याजोगे आहे. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे चारा मांडतात, आणि ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते, यावरून येत्या सालच्या पावसाची व बाजारभावाची भाकणूक सांगतात. होमाची आग विझण्याआधीच समुदायाचे लक्ष पेरणीकडे वळलेले असते; दुसऱ्या दिवशी शोभेचे दारूकाम होते.

खुद्द नंदीध्वजाचा तोलही असाच आहे. बाराबंदी घातलेला मानकरी ती उंच काठी कमरेच्या आधाराने पेलतो, तेव्हा तो क्षणभरही स्थिर नसतो. काठी जिकडे कलते तिकडे पाऊल टाकूनच तो तिला उभी ठेवतो, आणि थकला की दुसरा पुढे होतो.

हा दुसरा खांदा महत्त्वाचा. जेव्हा मनाची ये-जाच थांबते, आठवडेच्या आठवडे झोप व भूक उडते, कशातच गोडी उरत नाही, जगणे नकोसे वाटते, तेव्हा तो आजार असतो, आणि त्याला धीराचे शब्द पुरत नाहीत. वैद्यकीय उपचार लागतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, आणि त्यात लाजण्यासारखे काडीमात्र नाही.

बाकीच्यांसाठी आपण दोन अन्याय टाळावेत. दुःखिताला दहाव्या दिवशीच "आता पुरे, सावर" असे बजावणे हा एक; आणि वर्षश्राद्धाच्या आत तो हसला, विधवेने हौसेने एखादे लुगडे नेसले, तर नावे ठेवणे हा दुसरा. त्याला रडायला वेळ द्यावा आणि यात्रेलाही आग्रहाने घेऊन जावे. तो जत्रेत हसला म्हणून गेलेल्या माणसावरची त्याची माया तसूभरही कमी होत नाही.