नाताळ : अंथरूण पाहून

डिसेंबर उजाडला की वसईपासून गोव्यापर्यंत आणि केरळपासून ईशान्य भारतापर्यंत ख्रिस्ती घरांच्या दारांवर तारे उजळू लागतात. नवे कपडे, फराळ, पाहुणे, मुलांच्या भेटवस्तू अशी यादी वाढत जाते आणि महिन्याच्या पगारात ती बसेनाशी होते. मुलांचे हिरमुसलेले चेहरे पाहवत नाहीत, नातेवाइकांत कमीपणा येईल अशी धास्तीही असते. मग हात उसनवारीकडे किंवा क्रेडिट कार्डाकडे वळतो. सण आठवडाभरात सरतो. हप्ते मात्र जूनमध्ये शाळेची फी भरण्याची वेळ आली तरी सुरूच असतात. वास्तविक नाताळ हा अचानक येणारा खर्च नव्हे. त्याची तारीख वर्षानुवर्षे ठरलेली आहे. म्हणूनच त्याची तरतूदही आधी ठरविता येते.

आधी बचत की मागाहून हप्ते?

उदाहरणादाखल, चौघांच्या एका कुटुंबाने नाताळसाठी १२,००० रुपयांची मर्यादा ठरविली असे समजू. दरमहा १,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते १२ महिन्यांसाठी उघडले आणि व्याजदर ६ टक्के धरला, तर तिमाही चक्रवाढीने वर्षअखेर सुमारे १२,३९५ रुपये हाती येतात. हीच १२,००० रुपयांची खरेदी क्रेडिट कार्डावर केली आणि दरमहा साडेतीन टक्के व्याजाने ती १२ समान हप्त्यांत फेडली, तर सुमारे १४,९०० रुपये द्यावे लागतात. व्याजावरील कर निराळाच. एका मार्गाने ३९५ रुपयांची भर पडते, दुसऱ्या मार्गाने २,९०० रुपये खर्ची पडतात. हे अंतर सुमारे ३,३०० रुपयांचे, म्हणजे जवळजवळ संपूर्ण फराळाच्या खर्चाइतके आहे.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावयास हवा. जानेवारीत उघडलेल्या १२ महिन्यांच्या ठेवीची मुदत पुढील जानेवारीत, म्हणजे सण उलटून गेल्यावर संपते. म्हणून असे खाते नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडणे सोयीचे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता परस्पर वळता करण्याची स्थायी सूचना बँकेस देऊन ठेवली, तर तो चुकण्याचा आणि दंड भरण्याचा प्रश्नच उरत नाही.

पैसा कोठे ठेवावा?

नाताळसाठी वर्षभर साठविण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल येथील एका बँकेने १९०९ साली ‘ख्रिसमस क्लब’ नावाची अशी योजना सुरू केली आणि पुढे ती तेथे बरीच लोकप्रिय झाली. परंतु बचत करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणाच्या हाती सोपविली हेही महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये ‘फेअरपॅक’ या कंपनीकडे बेताच्या उत्पन्नाची कुटुंबे नाताळच्या खरेदीसाठी दरमहा रक्कम भरीत असत. ऑक्टोबर २००६ मध्ये, सण अवघ्या अडीच महिन्यांवर आला असताना ती कंपनी बुडाली. एक लाखाहून अधिक ग्राहकांची पुंजी अडकली. बँकेतील ठेवींना असणारे संरक्षण या रकमेस नव्हते. पुढे अनेक वर्षांनी त्यातील काही भागच परत मिळाला.

आपल्याकडील भिशी किंवा दुकानदारांच्या बचत योजनांत पैसे गुंतविताना हा धडा विसरता कामा नये. भारतात बँकेतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण आहे. प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून असलेली ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. आवर्ती ठेवही त्यात येते.

खर्चाची मांडणी

रक्कम हाती आली की ती कागदावर वाटून घ्यावी. कपड्यांसाठी ४,०००, फराळ व सणाच्या जेवणासाठी ४,०००, भेटवस्तूंसाठी १,५००, सजावटीसाठी ५००, दानधर्मासाठी १,००० आणि ऐनवेळच्या खर्चासाठी १,००० रुपये, अशी ही विभागणी असू शकते. ही यादी मुलांना सोबत घेऊन करावी. मर्यादा किती हे ज्या मुलाला ठाऊक असते, ते हट्ट करण्याऐवजी निवड करावयास शिकते.

घरच्या हातांची श्रीमंती

नाताळच्या जुन्या चालीरीती मुळात काटकसरीच्याच आहेत. मंगळूरकडे ‘कुस्वार’ म्हणून ओळखला जाणारा फराळ घरोघरी एकत्र बसून केला जाई. कुलकुल वळण्यासाठी लागतो तो एक काटा किंवा कोरा कंगवा आणि रिकामे हात. नेवऱ्या व दोदोल यांना नारळ आणि गूळ-साखर पुरते. केकसाठी महागडा परदेशी सुका मेवाच हवा असेही नाही; अलाहाबादच्या प्रसिद्ध केकमध्ये पेठा आणि मुरंबा घालण्याची पद्धत आहे. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांचा तारा घरी बनतो, तर गोठ्याच्या देखाव्यातील हिरवळ मूठभर गहू किंवा नाचणी पेरून उगवते. शेजारून दिवाळीत आलेले फराळाचे ताट नाताळात भरून परत पाठविण्यास फारसे मोल पडत नाही. त्याने जोडलेला स्नेह मात्र वर्षभर टिकतो.

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी नाताळचा गोठा उभारला, तेव्हा त्यात होते ते केवळ गवत, गव्हाण, एक बैल आणि एक गाढव. ज्या बाळाचा जन्म या सणात साजरा होतो, त्याचा पहिला पाळणाही गव्हाणच होता. त्यामुळे साधेपणाने साजरा केलेला नाताळ उणा ठरत नाही. उलट, जानेवारीचा पहिला दिवस ज्या घरी कर्जाच्या हप्त्याविना उजाडतो, त्या घराने सणाबरोबर नव्या वर्षाचेही स्वागत केले असे म्हणावे लागेल.