बॅगेतले फडके

जूनमध्ये आई दोह्याला आली ती बॅगेत लाडू, गोडा मसाला आणि ना. सी. फडके घेऊन! तीन कादंबऱ्या, पिवळ्या पडलेल्या. "अगं, तेवढ्या वजनात मेतकूट आलं असतं," मी म्हटलं. "सुट्टीला आलेय, सुट्टीतलं वाचणार," आईचं उत्तर.

इथला उन्हाळा म्हणजे घरबंदीच. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम कायद्यानेच बंद. आईला फिरवणार कुठे? ती खिडकीशी बसून वाचायची. मी शाळेपासून ऐकलेलं, खांडेकर जीवनासाठी कला मानणारे, फडके कलेसाठी कला. म्हणजे फडके जरा हलकेच, असं मी ठरवून टाकलेलं. एकही पान न वाचता बरं का!

त्याच महिन्यात ह्यांच्या कंत्राटाचं नूतनीकरण लटकलं. ह्यांना रास लफानला रात्रपाळी, मला झोप नाही. एका रात्री आईची 'दौलत' उचलली. १९२९ सालची प्रेमकथा! पहाटे आई पाणी प्यायला उठली, तेव्हा मी अजून वाचतच होते.

"तुझे बाबा बोटीवर असायचे ना, तेव्हाची सवय ही," ती म्हणाली. "पत्र यायचं महिन्याने. असल्या गोष्टीत निदान शेवटी दोघं भेटणार, हे ठाऊक असायचं."

आई ऑगस्टमध्ये परत गेली, पुस्तकं इथेच ठेवून. कंत्राटाचं अजून काही कळलेलं नाही. दुसरी कादंबरी निम्मी झालीय.