अमावास्येचे आकाश आणि आमचे पंचांग

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून परतलेल्या बांधवांना आम्ही दरवर्षी आग्रह करतो, की आठवडाभराने, 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री, मुलाबाळांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर चला. मिथुन राशीच्या दिशेने उल्कावर्षाव होतो. त्याला दुर्बीण लागत नाही, तिकीट लागत नाही आणि भटजी तर मुळीच लागत नाही!

आमच्या वस्त्यांत अजूनही "तारा तुटला, कुणीतरी गेलं" म्हणत पोरांचे डोळे झाकतात. बंधूंनो, तारा तुटत नसतो. 1983 साली शोध लागलेल्या फेथॉन या लघुग्रहाच्या वाटेवर धूळ सांडलेली आहे. पृथ्वी दर डिसेंबरात तिच्यातून जाते. वाळूएवढे कण सेकंदाला 35 किलोमीटर वेगाने हवेत शिरतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर जळतात.

आम्ही घोंगडी अंथरून उताणे पडतो. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे लागतात. तोवर मोबाइल खिशात. मिथुनेचे दोन ठळक तारे, म्हणजेच पंचांगातले पुनर्वसू, रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतात. निखळ अंधारात तासाला शंभरावर उल्का दिसू शकतात. आमच्या वहीत चाळिशीपुढे आकडा गेलेला नाही, कारखान्याचे दिवे आडवे येतात.

याच नक्षत्रांवरून गुण जुळवून आपल्यातली शिकलेली घरे सोयरिकी ठरवतात, आणि भिंतीवर बावीस प्रतिज्ञा! नक्खत्त जातकात हीच गोष्ट आहे. आपल्याला उशिरा विचारले म्हणून चिडलेल्या आजीविकाने नक्षत्र वाईट सांगितले, वऱ्हाड घरीच थांबले, आणि मुलीकडच्यांनी वाट पाहून तिचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांच्या संघाला जे कळले, ते आमच्या पदवीधरांना कळू नये?

2023 साली 12 डिसेंबरला अमावास्या होती. अमावास्येला बाहेर पडू नये म्हणतात. उल्का पाहायला तिच्याइतक्या चांगल्या रात्री नाहीत. माळावर नववीतली एक मुलगी वही धरून होती. तिच्या ताईचे स्थळ पत्रिकेत मंगळ म्हणून मोडले होते. "मंगळ कुठला?" तिने विचारले. तो त्या दिवसांत सूर्याजवळ, दिसण्यासारखा नाही, असे आम्ही सांगितले.

"मग त्यांना कसा दिसला?" ती म्हणाली, आणि वहीत पुढची रेघ मारली.