परमिटावरची सही

ठाण्यापासून शहाड-आंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात सकाळी पहिली गर्दी होते ती परमिटच्या टेबलाशी. वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग, थोडक्यात जिथे ठिणगी उडणार अशा कुठल्याही कामाला आधी ‘हॉट वर्क परमिट’ काढावं लागतं. दिसायला तो एक छापील फॉर्म असतो. कामाची जागा, वेळ, ठेकेदार, खबरदारीचे रकाने आणि खाली दोन-तीन सह्या. कंपनीचा वरिष्ठ माणूस सुरक्षेबाबत किती गंभीर आहे, हे मला तरी लॉबीतल्या पोस्टरपेक्षा या फॉर्मवर लवकर दिसतं.

सही करण्याआधी काय काय व्हायला हवं ते पाहा. ज्या टाकीवर किंवा पाइपवर काम आहे ती रिकामी करून धुवायची. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण व्हॉल्व्ह गळतो. म्हणून फ्लँज उघडून मध्ये पत्र्याची आंधळी चकती घालायची, म्हणजेच ‘ब्लाइंड मारायचं’. पंपाचा स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची. गॅस मीटरची नळी टाकीत वर, मध्ये आणि तळाशी फिरवायची, कारण बऱ्याच सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाला साचून राहते. टाकीत माणूस उतरणार असेल तर प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली नाही ना, तेही बघायचं. आजूबाजूला साधारण अकरा मीटरपर्यंत जळण्याजोगं काही ठेवायचं नाही. जे हलवता येत नाही ते झाकायचं. काम संपल्यावर एक माणूस निदान अर्धा तास तिथेच थांबवायचा, कारण ठिणगी कोपऱ्यात धुमसत राहते. शिफ्ट बदलली की परमिट संपलं, पुढच्या शिफ्टला नवं.

हे सगळं खरोखर पाहून सही केली तर वेळ जातो. टेबलावर बसून केली तर अर्धं मिनिट.

२६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला. बारा माणसं गेली, दीडशेहून जास्त जखमी झाली, दूरवरच्या सोसायट्यांच्या काचा फुटल्या. चौकशी समितीच्या अहवालात दोन गोष्टी आल्या: प्रोपार्गिल क्लोराइड हे अतिज्वालाग्राही रसायन आणि जवळ चाललेलं वेल्डिंगचं काम. २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्स हादरली. पुन्हा दहाहून अधिक मृत्यू, पुन्हा काचांचा खच. पहिल्या स्फोटानंतर आठ वर्षं हाताशी होती, हे आठवलं की आजही संताप येतो.

कायदा याबाबतीत गप्प नाही. १९८४च्या भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती आली, तीत कामगार आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समान. जिवाला धोका दिसत असेल तर कामगाराने तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणायचा आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकालाही कळवायचा, असा हक्क मिळाला. आणि कंपनी असेल तर भोगवटादार, म्हणजे कारखान्यासाठी कायद्याने जबाबदार माणूस, म्हणून संचालकांपैकीच एकाने उभं राहायचं, असं ठरलं. खालच्या मॅनेजरचं नाव पुढे करून मोकळं व्हायची वाट त्यामुळे बंद झाली.

कायदा नाव ठरवतो, पण माणूस प्लांटमध्ये उतरवू शकत नाही. संध्याकाळी पाचला टँकर गेटवर उभा आहे, डिस्पॅचचे फोन चालू आहेत आणि सेफ्टी ऑफिसर सांगतो की ब्लाइंड मारल्याशिवाय वेल्डिंग होणार नाही. त्या घटकेला प्लांट हेड काय बोलतो, ते दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. ‘बघ ना काही जमतंय का’ एवढं जरी तो म्हणाला, तरी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, घेतलेली शपथ तिथेच संपली. ‘टँकर थांबू दे’ म्हणाला, तर ठेकेदाराचा सगळ्यात नवा पोरगाही पुढच्या वेळी हात वर करायला धजावतो.

वरिष्ठाने स्वतः धोक्याजवळ उभं राहण्याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं. तिथल्या ड्यू पाँ कंपनीची सुरुवात बंदुकीच्या दारूपासून झाली. संस्थापकाचं घर ब्रँडीवाइन नदीकाठी, दारूच्या गिरण्यांच्या अगदी वरच्या अंगाला होतं. नवी गिरणी वरिष्ठांपैकी कुणी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कामगाराने आत जायचं नाही, हा तिथला १८११चा नियम. तरीही १८१८च्या स्फोटात तीसहून अधिक माणसं गेली. पण मालकाचं कुटुंब त्याच आवाजाच्या टप्प्यात राहत होतं. डोंबिवलीत मिलापनगर, सोनारपाड्यातली माणसं कारखान्यांच्या टप्प्यात राहतात. मालक राहतातच असं नाही.

शिवाय सगळाच धोका आवाज करून येत नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनसारख्या व्हिस्कोस कारखान्यांत कार्बन डायसल्फाइड वापरतात. ते ४६ अंशांना उकळतं, गरम वाफेच्या पाइपच्या नुसत्या स्पर्शानेही पेट घेऊ शकतं. पण जगभरच्या रेयॉन कामगारांच्या अभ्यासांत दिसलेलं त्याचं दुसरं रूप असं: वर्षानुवर्षं थोडं थोडं श्वासात गेलं तर मज्जातंतू आणि हृदय दोन्ही झिजतात. तिथे वायुवीजनाच्या पंख्यांवर खर्च करणं आणि कामगारांची तपासणी वेळेवर करणं हीच व्यवस्थापनाची परीक्षा. स्फोटाची बातमी होते, हाताच्या मुंग्यांची होत नाही.

जुन्या कारखाने अधिनियमात सेफ्टी ऑफिसर साधारणपणे हजार कामगारांच्या कारखान्याला सक्तीचा होता. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत तो आकडा पाचशेवर, धोकादायक प्रक्रियेसाठी अडीचशेवर आला. डोंबिवलीतली अनेक युनिट्स त्याच्याही खाली राहतात, आणि लहान युनिट्सच मोठ्यांसाठी जॉबवर्क करतात. म्हणून मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्याने ऑर्डर देण्याआधी दर आणि दर्जा तपासतं तसं त्या युनिटचं परमिटचं पुस्तकही मागवावं, आणि गेल्या महिन्यातलं एक काम निवडून ते जिथे झालं ती जागा प्रत्यक्ष जाऊन पाहावी.