नेतृत्व कसे घडते? – स्वामी रामानंद तीर्थांच्या निमित्ताने

‘नेतृत्वगुण उपजतच असावे लागतात’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते तपासून पाहायचे असते हेच विसरून जातो. आमच्या गावाकडे तर हे गुण कोणाच्या घरी उपजायचे, हेही ठरलेले असते! ज्या वाड्यात आजोबा सरपंच आणि चुलते सोसायटीचे चेअरमन, त्याच वाड्यात पुढचा पुढारी जन्माला यायचा. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. तेव्हा या वाक्याचा खरेखोटेपणा पाहणे मला तरी अगत्याचे वाटते. इकडे शहरात पाहावे तर व्यक्तिमत्त्व विकास वर्गांच्या पाट्या. तिथे म्हणे नेतृत्व थोड्या आठवड्यांत शिकवून मिळते. जन्माने मिळवा नाही तर फी भरून मिळवा, एवढेच दोन मार्ग असतील तर आमच्यासारख्यांची दोन्हीकडून पंचाईत आहे.

उत्तर शोधायला फार लांब जाण्याचे कारण नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांत स्वामी रामानंद तीर्थांचे नाव हमखास येते. पण ते येते एकदम नेते म्हणूनच. नेते होण्याआधीची वर्षे त्यांनी कशी घालवली, हा भाग वेळेअभावी राहून जातो. मला तोच भाग जास्त शिकवणारा वाटतो.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी गावी. घरची परिस्थिती बेताची. १९२० साली लोकमान्य टिळक गेले, तेव्हा सोलापुरात शिकणाऱ्या या सोळा वर्षांच्या मुलाने अविवाहित राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. आता, त्या वयात प्रतिज्ञा करणारे पुष्कळ असतात. आमच्या वसतिगृहात तर दर परीक्षेच्या निकालानंतर होतात! नवल याचे की ती पाळण्यासाठी पुढची अठरा वर्षे ते कोणत्याही व्यासपीठाच्या मागे धावले नाहीत. पुण्याच्या टिळक महाविद्यापीठात ते शिकले. नंतर कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव झाले. सचिव म्हणजे दुसऱ्याच्या मागे बसून कागदपत्र सांभाळणारा माणूस. सभेत टाळ्या पडतात त्या दुसऱ्याला. परंतु संघटना आतून कशी चालते, माणसे एकत्र का येतात आणि का फुटतात, हे त्या खुर्चीवरूनच दिसत असले पाहिजे, असे मला वाटते.

१९२९ साली ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. म्हणजे ऐन उमेदीची जवळजवळ दहा वर्षे त्यांनी शाळामास्तरकीत घालवली.

ही वर्षे वाया गेली का? ते समजण्यासाठी त्या काळचे हैदराबाद संस्थान डोळ्यांपुढे आणले पाहिजे. राज्यकारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून. प्रजा मात्र तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. सार्वजनिक सभा घ्यायची तर गश्ती नंबर ५३ आडवी येई. सरकारी परवानगीवाचून सभा भरवता येत नसे. खाजगी शाळा काढायलाही परवानगी लागे. जिथे मोकळेपणाने भाषण करता येत नाही तिथे वक्ता तयार होत नाही, शिक्षक तयार होतो. म्हणून मराठवाड्याच्या लढ्यातील कितीतरी माणसे शाळांतून आलेली दिसतात. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे स्वामीजींबरोबर काम करणारे बाबासाहेब परांजपे शिक्षकच. आपल्या या शहरात गोविंदभाई श्रॉफ सरकारी शाळेत शिकवत. तरुण मुले त्यांच्याभोवती जमत. पुढे ती नोकरी सोडून ते चळवळीत आले.

शाळेतून नेतृत्व कसे वाढत असेल, याची थोडी कल्पना मला गावाकडच्या अनुभवावरून येते. सुट्टीत घरी गेलो की शेजारपाजारचे लोक पीकविम्याचे अर्ज, बँकेची पत्रे, सातबाऱ्यातील चुकलेली नावे घेऊन येतात, कारण ‘पोरगं कॉलेजात आहे’. मी काही पुढारी नाही. पण एका घराचा कागद वाचला की त्या घराची सगळी अडचण कळते, आणि दहा घरांचे वाचले की दहाही घरांची अडचण एकच आहे हे ध्यानात येते. ही दुसरी गोष्ट त्या दहा घरांपैकी कोणालाच ठाऊक नसते. स्वामीजींनी तर दहा वर्षे गावोगावच्या मुलांना शिकवले. त्यांच्यापाशी किती घरांची माहिती साठली असेल!

ऑक्टोबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, तेव्हा त्यांना पस्तीस पूर्ण झाली होती. पुढच्याच महिन्यात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला. बंदी आली, तरी मुले मागे हटली नाहीत. ती चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचली. अनेकांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. हे विद्यार्थी आपल्याच वयाचे, आपल्याच गावचे. त्यांतील बहुतेकांची नावे आज आपल्याला सांगता येणार नाहीत. एकाच्या धाडसाने हे घडले नाही. शेजारच्या खोलीतला उठला म्हणून हाही उठला, अशी ती गोष्ट असावी.

मतभेदांचाही यात वाटा आहे. स्टेट काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ असे दोन गट होते. बूर्गुल रामकृष्णराव मवाळांचे, तर स्वामीजी आणि गोविंदभाई जहालांचे. १९४६ मध्ये संघटनेवरील बंदी उठल्यावर स्वामीजी अध्यक्ष झाले ते निवडणूक लढवून. संन्याशालाही मते मागावी लागली, हे मला आवडते.

आता खऱ्या कसोटीकडे येतो. १५ ऑगस्ट १९४७ ला, देश स्वतंत्र होत असता, निजाम सरकारने स्वामीजींना अटक केली. मधले थोडे दिवस सोडले तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते तुरुंगातच होते. म्हणजे लढा सर्वांत तीव्र झाला त्या तेरा महिन्यांत नेता जवळजवळ जागेवरच नव्हता! तरी काम थांबले नाही. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ यांच्या कृतिसमितीने ते चालवले. संस्थानच्या सीमेवर उमरखेड, पाथर्डी अशा ठिकाणी कॅम्प उभे राहिले. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या शेतकरी बाईंनी घोड्यावरून फिरून निरोप आणि हत्यारे पोचवली. त्यांना कोणत्या वर्गात नेतृत्व शिकवले होते? वर सांगितलेल्या दोन्ही मार्गांत त्या बसत नाहीत. मी माझ्या आईला त्यांच्याविषयी सांगितले, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की मग त्यांच्या शेताकडे कोण पाहत होते. हा प्रश्न मला इतिहासाच्या पुस्तकात कुठे आढळला नाही.

संस्थान मुक्त झाल्यावर स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. एकदा कन्नड मुलखातून, एकदा मराठी. मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. २२ जानेवारी १९७२ ला ते गेले. समाधी हैदराबादला बेगमपेठेत आहे. आमच्या गावच्या हिशेबाने पाहिले तर ना वाडा, ना वारस.