लढाई क्युबासाठी, बेटे अमेरिकेकडे

स्पेनच्या सत्तेविरुद्ध क्युबात १८९५ पासून बंड पेटलेले होते. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि २६० हून अधिक माणसे मेली. स्फोटाचे कारण सिद्ध झाले नव्हते, तरी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी खापर स्पेनच्या माथी फोडले. एप्रिलमध्ये अमेरिकी काँग्रेसने हस्तक्षेपाचा ठराव केला. क्युबा आपल्या राज्याला जोडणार नाही, अशी हमी देणारे सिनेटर टेलर यांचे कलम त्यात होते. स्पेनच्या इतर बेटांविषयी मात्र ठरावात अशी हमी नव्हती.

त्यातून पेटलेल्या युद्धाची पहिली मोठी लढाई क्युबापासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर झाली. १ मे रोजी अमेरिकेचे कमोडोर जॉर्ज ड्यूई यांनी फिलिपिन्समधील मनिलाच्या उपसागरात स्पेनचे आरमार काही तासांत नष्ट केले. जूनमध्ये ‘चार्ल्स्टन’ ही नौका ग्वामला पोहोचली, तेव्हा तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना युद्ध सुरू झाल्याचीही खबर नव्हती. बेट बिनाप्रतिकार हाती आले. २५ जुलैला अमेरिकी सैन्य प्वेर्तो रिकोत उतरले. त्याच महिन्यात काँग्रेसने हवाई बेटेही जोडून घेतली. ती स्पेनची नव्हती, पण पॅसिफिकमधल्या लढाईने ती जोडून घेण्याच्या रखडलेल्या प्रस्तावाला बळ दिले.

फिलिपिन्सची कथा सर्वांत क्लेशदायक आहे. फिलिपिनो नेते एमिलिओ अगिनाल्दो यांच्या सैन्याने मनिलाला जमिनीवरून वेढा घातला होता आणि १२ जूनला स्वातंत्र्यही जाहीर केले होते. फिलिपिनोंपुढे शरण जाणे स्पॅनिश अधिकाऱ्यांना नको होते. म्हणून त्यांनी अमेरिकनांशी आधीच संधान बांधले, १३ ऑगस्टला नावापुरती लढाई झाली आणि शहर अमेरिकेच्या ताब्यात गेले. वेढा घालणाऱ्यांना वेशीबाहेरच थोपवण्यात आले. आदल्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये युद्धविराम झाला होता, पण समुद्राखालची तार ड्यूईंनी तोडलेली असल्याने ती बातमी मनिलात पोहोचली नव्हती.

१० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने प्वेर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेला मिळाले. फिलिपिन्सपोटी स्पेनला २ कोटी डॉलर द्यायचे ठरले. अगिनाल्दोंचे दूत फेलिपे अगोन्सियो पॅरिसला गेले होते, पण त्यांना वाटाघाटींत प्रवेश मिळाला नाही. बेटांवरील मूळ रहिवाशांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकी काँग्रेस ठरवील, असे तहात लिहिले गेले. स्पेनकडून झालेले हे हस्तांतरण त्या लोकांना न विचारता झाले, हा या तहाचा मूळ दोष आहे. ६ फेब्रुवारी १८९९ रोजी सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तो मंजूर केला. त्याच्या दोनच दिवस आधी मनिलाजवळ अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला होता. ते युद्ध संपल्याची घोषणा १९०२ मध्ये झाली. तोवर ४,००० हून अधिक अमेरिकी सैनिक आणि सुमारे २०,००० फिलिपिनो लढवय्ये मेले. लढाई, उपासमार आणि रोगराईत बळी पडलेल्या सामान्य माणसांचा अंदाज दोन लाखांपर्यंत जातो.

अमेरिकी संविधान या बेटांना लागू होते का, हा प्रश्न प्वेर्तो रिकोहून आलेल्या संत्र्यांवरील जकातीच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९०१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण जकातीच्या बाबतीत ते संयुक्त संस्थानांचा भाग नाही. पुढे प्वेर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ मध्ये आणि ग्वामच्या रहिवाशांना १९५० मध्ये नागरिकत्व मिळाले. फिलिपिन्स ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाले. प्वेर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडेच राहिले. तिथे राहणाऱ्या नागरिकांना अध्यक्षीय निवडणुकीत आजही मत नाही.