डंपिंगच्या चौकशीत आमचा माणूस कुठे आहे?

जून महिना उजाडला की वस्तीतल्या घराघरात एकच हिशेब सुरू होतो. मुलांच्या वह्यांचा. एकरेघी किती, दुरेघी किती, गणिताला चौकटीच्या किती, डझनाने घेतल्या तर दुकानदार काय सोडील आणि गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढून शिवली तर कितपत भागेल. ज्या घरात आजोबांच्या हाती कधी पाटी आली नाही, त्या घरातली आई पोटाला चिमटा घेऊन ही वही विकत आणते. वहीचे मोल आमच्या समाजाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

परंतु याच रेघांच्या वहीवरून सातासमुद्रापलीकडे मोठा खटला चालला आणि त्यात भारताचे नाव आरोपींच्या यादीत होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या वह्या बनविणाऱ्या मीडवेस्टव्हॅको, नॉरकॉम आणि टॉप फ्लाइट या तीन कंपन्यांच्या संघटनेने आपल्या सरकारकडे अर्ज केला. चीन, भारत आणि इंडोनेशिया हे देश स्वस्त वह्या आमच्या बाजारात ओततात, त्यामुळे आमचा धंदा बुडतो, ही त्यांची तक्रार. कोणती वही पकडायची याचे वर्णनही इंचात ठरले. रेघा मारलेली, बारा किंवा अधिक पानांची, एक बाजू सहा ते पंधरा इंच आणि दुसरी पावणेनऊ ते पंधरा इंच. सप्टेंबर २००६ मध्ये निकाल लागला आणि तिन्ही देशांच्या वह्यांवर डंपिंगविरोधी कर बसला. चीनच्या ज्या कंपन्यांना वेगळा दर मिळाला नाही त्यांच्यावर २५८ टक्के. भारताच्या एका कंपनीवर २३.१७ टक्के आणि स्वतंत्र तपासणी न झालेल्या बाकीच्या भारतीय कंपन्यांवर ३.९१ टक्के. सरकारी सवलतींबद्दलचा कर भारतावर आणखी वेगळा. ज्यांचे हिशेब तपासले गेले त्यांत मुंबई-पुण्याकडच्या घराघरात ज्यांच्या वह्या जातात अशाही कंपन्यांचा संबंध आला. पुढे दर पाच वर्षांनी फेरतपासण्या झाल्या, तरी चीन आणि भारतावरचा हा आदेश उठला नाही.

आता डंपिंग म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजून घेऊ. एखादा कारखानदार आपल्या देशात वही तीस रुपयांना विकतो आणि तीच वही परदेशात चोवीस रुपयांना पाठवतो. फरक सहा रुपयांचा. चोवीसवर सहा म्हणजे पंचवीस टक्के. याला डंपिंगचे प्रमाण म्हणतात. पण एवढ्यावर कर लागत नाही. त्या स्वस्त मालामुळे आयात करणाऱ्या देशातल्या त्याच मालाच्या उद्योगाला इजा झाली, हेही सिद्ध व्हावे लागते. इजा कशी मोजायची याची यादी जागतिक व्यापार संघटनेच्या करारात दिली आहे. विक्री, नफा, उत्पादन, बाजारातला वाटा, साठा, रोजगार, मजुरी वगैरे. अमेरिकेत ही दोन कामे दोन कचेऱ्यांकडे आहेत. किंमत वाणिज्य खाते मोजते, इजा आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग ठरवतो. आपल्याकडे ही दोन्ही कामे दिल्लीतले एकच महासंचालनालय करते आणि त्याने शिफारस केल्यावर कर लावायचा की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवते.

वरवर पाहता हा सगळा हिशेबाचा, काटेकोर मामला वाटतो. आत शिरले की काय दिसते? अमेरिकेने त्या काळी चीनला बाजाराच्या नियमांनी चालणारा देश मानलेच नव्हते. म्हणून चीनच्या वहीची ‘खरी’ किंमत काढताना आधार घेतला भारतातल्या किमतींचा. म्हणजे त्याच खटल्यात भारत एका बाजूला आरोपी आणि दुसऱ्या बाजूला चीनला मोजण्याचे माप! दुसरी गंमत अशी की, अर्ज दाखल झाला तेव्हा अमेरिकेत एक कायदा लागू होता. डंपिंगविरोधी कराचा पैसा सरकारी तिजोरीत न राहता तक्रार करणाऱ्या कंपन्यांनाच वाटला जाई. फिर्यादीने खटला जिंकायचा आणि दंडाची रक्कमही खिशात घालायची. या कायद्याविरुद्ध भारतासह अनेक देश जागतिक व्यापार संघटनेत गेले, तिथे अमेरिका हरली आणि २००६ च्या फेब्रुवारीत तो कायदा रद्द झाला. तरी वाटप लगेच थांबले नाही. १ ऑक्टोबर २००७ पूर्वी आलेल्या मालावरचा कर पुढेही वाटला जाईल, अशी सोय ठेवली गेली.

इथे आम्हाला बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राची आठवण होते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो या समजुतीची चिरफाड केली. फायदा कुणाचा, हा त्यांचा प्रश्न होता. भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि निर्यातदाराच्या हाती पडणारा लाभ परदेशातून येत नाही, तो याच देशातल्या मजुरी करणाऱ्याच्या ताटातून जातो, हे त्यांनी दाखवून दिले. देशाचा फायदा म्हणून जे सांगितले जाते ते एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेलेले धन असू शकते. हीच दृष्टी डंपिंगला लावून पाहा. कारखानदार परदेशात वही चोवीसला विकतो आणि घरच्या गिऱ्हाइकाकडून तीस घेतो, तेव्हा ते वरचे सहा रुपये कोण भरतो? इथली वही घेणारी आई भरते. आणि परदेशाने कर लावला की तिथली वही महाग होते, ती कोण भरतो? तिथल्या गरीब वस्तीतली आई. खटला चालतो दोन देशांच्या नावाने आणि पैसे दोन्हीकडे एकाच वर्गाचे जातात.

आता आपल्याकडे वळू. भारत हा डंपिंगविरोधी चौकश्या करणाऱ्या आघाडीच्या देशांपैकी एक आहे. कागदावरही आपण हे हत्यार चालवले आहे. झेरॉक्स आणि प्रिंटरसाठी लागणारा साधा कॉपिअर कागद इंडोनेशिया, थायलंड आणि सिंगापूर इथून येतो, त्यावर डिसेंबर २०१८ मध्ये कर बसला. कारखानदारांचे म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. कागद कारखाना बंद पडला की काय होते हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या कामगारांना विचारावे. त्या गावाचे जगणे कागदाच्या गिरणीभोवतीच उभे राहिले. कामगाराचा रोजगार ही आमच्यासाठी हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. परंतु बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनी जानेवारी २०२० मध्ये कर्जापायी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आयातीला कुंपण घातले म्हणून कारखाना वाचतोच असे नाही, एवढे तरी यावरून दिसते. आणि झेरॉक्सचा कागद कोण वापरतो? पुस्तक परवडत नाही म्हणून नोट्सच्या झेरॉक्स काढणारा विद्यार्थी. जातीच्या दाखल्यासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी कागदपत्रांच्या प्रतींचे गठ्ठे घेऊन तहसील कचेरीच्या दारात उभा राहणारा बाप. त्याला कुणी विचारले काय?

कायद्यात विचारायची सोय आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या १९९५ च्या नियमांत माल वापरणाऱ्या उद्योगांना आणि किरकोळ बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ग्राहक संघटनांना माहिती देण्याची संधी आहे. अलीकडे वापरकर्त्यांसाठी प्रश्नावलीही निघाली आहे. आपल्या नियमांत आणखी एक चांगली गोष्ट अशी की, डंपिंगचे प्रमाण आणि इजेचे प्रमाण यांत जे कमी असेल तेवढाच कर लावायचा. अमेरिका हे बंधन मानत नाही. परंतु युरोपीय संघात कर लावण्यापूर्वी वापरणाऱ्यांचे आणि ग्राहकांचे हित पाहण्याची जी सक्तीची कसोटी आहे, तशी आपल्याकडे नाही. शिवाय संधी कागदावर असणे आणि ती हातात येणे यांत फार अंतर असते. चौकशीची सूचना निघते भारताच्या राजपत्रात. भाषा इंग्रजीची आणि हिंदीची. मुदत काही दिवसांची. सुनावणी दिल्लीला, समोर वकील आणि सनदी हिशेबनीस. आमच्या वस्तीतली पालक सभा तिथे कशी पोहोचणार?

पोहोचता येते याचा दाखलाही कागदाच्याच एका खटल्याने दिला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या लाँगव्ह्यू गावच्या नॉरपॅक या एकट्या कारखान्याने कॅनडातून येणाऱ्या वृत्तपत्राच्या कागदाविरुद्ध अर्ज केला. या कारखान्याचा मालक होता एक गुंतवणूक निधी. २०१८ च्या सुरुवातीला तात्पुरते कर बसले आणि काही कंपन्यांच्या बाबतीत ते तीस टक्क्यांच्या वर गेले. लहान गावांतली वृत्तपत्रे हादरली. पाने कमी झाली, कुठे अंक निघण्याचे दिवस कमी झाले. फ्लोरिडातल्या ‘टॅम्पा बे टाइम्स’ने सुमारे पन्नास माणसांना घरी पाठवले. मग छापखाने आणि वृत्तपत्रे एकत्र आली, लोकप्रतिनिधी गाठले, आयोगासमोर साक्षी दिल्या. २९ ऑगस्ट २०१८ रोजी आयोगाने पाच विरुद्ध शून्य मतांनी निकाल दिला की, या आयातीने देशी उद्योगाला इजा झालेली नाही. कर रद्द झाले आणि भरलेले पैसे परत मिळाले.

लहान वृत्तपत्राला कागदाचा भाव काय करतो हे आम्हाला दुसऱ्याच्या गोष्टीवरून शिकायची गरज नाही. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ पैशाअभावी कसे थांबले हा आपला इतिहास आहे. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने वृत्तपत्राच्या आयात कागदावर दहा टक्के सीमाशुल्क बसवले. तो डंपिंगचा कर नव्हता, साधे सीमाशुल्क होते. ओरड झाल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच टक्क्यांवर आणले. ज्या पत्राला बड्या जाहिराती मिळतात ते असला धक्का पचवते. वाचकांच्या वर्गणीवर चालणारे पत्र पाने कमी करते आणि ज्यांचा आवाज आधीच क्षीण होता त्यांचाच रकाना जातो.

आता या साखळीच्या अगदी पहिल्या कडीकडे या, कारण सगळ्यात मोठा विसर तिचा पडला आहे. भारतातला कागद लाकडापासून होतो, उसाच्या चिपाडापासून आणि भुशापासून होतो, पण त्याचा सर्वात मोठा वाटा रद्दीपासून तयार होतो. ही रद्दी पहाटे उठून पाठीवर पोते घेऊन गोळा कोण करते? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य स्त्रिया आणि त्यांतल्याही बहुसंख्य दलित समाजातल्या. या बाया गिरणीचा कच्चा माल पुरवतात. चीनने २०१८ पासून परदेशी रद्दी घेणे कमी करत नेले आणि २०२१ पासून पूर्ण बंद केले, तेव्हा पाश्चात्त्य देशांची रद्दी दुसरीकडे वळली, भारताकडेही वळली. बाहेरची रद्दी स्वस्तात गिरणीच्या दारात आली की भंगारवाला वेचणारणीच्या पोत्याचा भाव उतरवतो. तिची ही इजा कोणत्या चौकशीत मोजली गेली?

कायद्याच्या व्याख्येत ‘देशी उद्योग’ म्हणजे तोच माल तयार करणारे उत्पादक. अर्ज करायचा तर देशातल्या एकूण उत्पादनापैकी निदान पंचवीस टक्के उत्पादन करणारे पाठीशी हवेत. गिरणीचा मालक उद्योग ठरतो, गिरणीतल्या कामगाराचा रोजगार आणि मजुरी निदान यादीत येते. गिरणीला माल देणारी बाई मात्र उद्योगातही नाही आणि यादीतही नाही. कागद महाग झाला तर गिरणीचा नफा वाढतो, पण त्यातला किती पैसा तिच्या पोत्यापर्यंत आला हे विचारण्याची कुणाला सक्ती नाही. सारी चौकशी जमाखर्चाच्या वह्यांवर चालते आणि तिच्याकडे जमाखर्चाची वही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या गोळा करणाऱ्या बाईची ही अवस्था आहे!

आयातीला दारे सताड उघडा असे आमचे म्हणणे नाही आणि प्रत्येक कुंपण देशहिताचे असते असेही आम्ही मानत नाही. आमची मागणी सरळ आहे. कागदासारख्या वस्तूवर कर लावण्यापूर्वी शाळकरी मुले, लहान वृत्तपत्रे आणि रद्दी वेचणारे यांच्यावर काय परिणाम होईल याची तपासणी कायद्याने सक्तीची करा. चौकशीच्या सूचना मराठीसह राज्यांच्या भाषांत काढा. संरक्षण मिळालेल्या गिरणीने कामगाराला आणि रद्दीला काय भाव दिला याचा हिशेब फेरतपासणीच्या वेळी मागा. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने वह्यांवरचा जीएसटी शून्यावर आणला. वही ही गरज आहे हे सरकारने तिथे मानले. मग डंपिंगच्या चौकशीत ते मानायला अडचण कसली?

परंतु मागणी करून स्वस्थ बसल्याने आजवर आपल्याला काहीच मिळालेले नाही. नियमात एक लहान दार आहे, त्यातून आत जायला हवे. आपल्यात आता वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. कागदावर पुढची चौकशी निघेल तेव्हा पालकांच्या, ग्रंथालयांच्या, लहान वृत्तपत्रांच्या आणि कागद वेचणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून एक निवेदन तयार करावे, त्यात वहीचा भाव, रद्दीचा भाव, दिवसाची कमाई असे खरे आकडे घालावेत आणि मुदतीच्या आत दिल्लीला पाठवावे. त्यासाठी आकडे आजपासून लिहून ठेवायला हवेत. दोनशे पानी एक वही त्याला पुरेशी आहे.